थांबवण्याचं बटण

बाईंचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा. पाचवीच्या वर्गात त्या अपूर्णांक शिकवायला लागल्या की शेजारच्या वर्गातल्या सरांना आपला इतिहास थोडा वेळ आवरता घ्यावा लागे, आणि फाटकाशी बसलेला पहारेकरी म्हणे की माझी शाळा अर्धवट राहिली होती, ती आता बसल्याबसल्या पूर्ण होतेय. मुलांनी त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. हे नाव बाईंना ठाऊक होतं आणि ते त्यांना ठाऊक आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडचं बरं चाललं होतं.

घरीही त्या आवाजाला मान होता. सासूबाईंना कमी ऐकू येई. कानातलं यंत्र त्या डबीत ठेवून देत, कारण त्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मुलाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नसे, नातीचं तर नाहीच. सुनेचा मात्र शब्दन् शब्द पोचे. "या घरात नीट बोलणारी तू एकटीच," असं त्या म्हणत. चष्म्याचं दुकान चालवणारा त्यांचा मुलगा त्यावर हसून म्हणे की आई, ती नीट बोलत नाही, मोठ्यानं बोलते.

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या आणखी बऱ्याच शाळा होत्या. सगळ्या शाळांत स्मार्ट बोर्ड बसले तेव्हा त्यावर चालवायचे धडे तयार करायची टूम निघाली, आणि पाचवीच्या गणितासाठी आवाज कुणाचा घ्यायचा यावर फारशी चर्चा झाली नाही. सुट्टीत बाई संस्थेच्या कार्यालयात जात. तिथे भिंतींना गादीसारखे जाड थर लावलेली एक खोली होती. काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ खूण करी आणि बाई रिकाम्या खोलीला अपूर्णांक शिकवत. समोर मूल नसताना शिकवणं त्यांना पहिल्यांदा वेड्यासारखं वाटलं. मग तंत्रज्ञानं सुचवलं, की समोर वर्ग आहे असंच समजा, मधूनच विचारा, थोडं थांबा, शाबासकी द्या. तेव्हापासून त्या "आलं ना लक्षात?" असं विचारत, मनात दोन-तीन आकडे मोजत आणि "छान!" म्हणत. ते इतकं चांगलं जमलं की संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं.

त्यानंतर वर्षभरानं त्यांचा घसा बसला. बसला तो बसलाच. काढे झाले, गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूवर गाठ असल्याचं सांगितलं. गाठ वाईट निघाली नाही, पण ती काढताना आवाज काही पूर्ववत राहिला नाही. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच दिवसांनी बोलायची परवानगी मिळाली, आणि बाईंनी तोंड उघडलं तेव्हा आतून फक्त हवा आली. टायरमधून निघते तशी. डॉक्टर म्हणाले, थोडा सुधारेल, पण पूर्वीचा विसरा. कुजबुजूसुद्धा नका, त्यानं आणखी ताण पडतो.

घर एकदम गप्प झालं. नवरा मुळात अबोल माणूस. तो आता दोघांच्या वाटचं बोलायला लागला आणि त्यातलं निम्मं चुकायला लागला. बाईंनी हातानं पाणी मागितलं तर तो पंखा लावी. शिकायला बाहेरगावी असलेली लेक येऊन गेली. तिनं आईच्या फोनवर एक सोय करून दिली: लिहायचं, बटण दाबायचं, की एक बाईमाणूस ते वाचून दाखवी. आवाज सपाट होता, सगळ्याच बातम्या सारख्या वाटणाऱ्या निवेदिकेसारखा. सासूबाईंना तो ऐकूच येत नव्हता. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत राहत, आणि मग आपलं जेवणाचं ताट घेऊन आत जात. एकदा त्यांनी स्वतःहून डबीतलं यंत्र काढून कानात घातलं आणि म्हणाल्या, "आता बोल." बाईंनी बटण दाबलं. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं, यंत्र पुन्हा डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, "ही कोण आणलीस?"

रजा संपत आली तशी बाई कॅलेंडरकडे बघायचं टाळायला लागल्या. आवाज गेलेली शिक्षिका म्हणजे काय, हे त्या स्वतःलाच विचारत होत्या आणि त्याचं उत्तर त्यांना नको होतं. म्हणून मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं तेव्हा त्या जवळजवळ निरोप घ्यायच्याच तयारीनं गेल्या.

मुख्याध्यापक मनानं वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तब्येतीची चौकशी केली, आणि मग चेहऱ्यावर आनंद आणून सांगितलं की तोडगा निघालाय. बाईंचे धडे बोर्डावर आहेतच. इतर शाळांमध्ये ते चालतातच. मग आपल्याच शाळेत का नकोत? "आवाज तुमचाच, वर्ग तुमचाच," ते म्हणाले. "तुम्ही फक्त उभ्या राहा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मान हलवली, हात जोडले. घरी गेल्यावर नवऱ्याला लिहून दाखवलं तेव्हा तोही खूश झाला, आणि पहिल्यांदाच त्यानं न चुकता चहा केला.

पहिल्या दिवशी मुलांनी खूप मजा केली. बाई तोंड मिटून उभ्या आहेत आणि बाईंचा आवाज मात्र वर्गभर दणाणतोय, हा प्रकार त्यांना जादूसारखा वाटला. कुणी बोर्डाकडे बघे, कुणी बाईंकडे. एकानं तर बाईंच्या गळ्याकडे टक लावून बघत शेवटी धीर करून विचारलं, की दुखतं का. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. दोन-चार दिवसांत जादू सरली, आणि समोर उभं राहून करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून बाई मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसायला लागल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी वर्ग कधी मागून पाहिला नव्हता. पुढून दिसतात ते चेहरे. मागून दिसत होत्या माना, बाकाखालचे पाय आणि हात. त्यांच्या आवाजानं काहीतरी सांगितलं की कुठल्या माना आपोआप ताठ होतात आणि कुठल्या खांद्यांत जातात, हे त्यांना दिसायला लागलं. मागच्याच बाकावर एक उंच मुलगी बसायची. ती आधीच्या वर्षी नापास होऊन याच वर्गात राहिलेली, त्यामुळे इतरांपेक्षा डोकंभर मोठी. उंचीमुळे तिला नेहमीच मागे बसवलं जाई. बोर्डावर एका पोळीचे आधी चार आणि मग आठ तुकडे झाले. "एक छेद आठ आणि एक छेद चार, यांत मोठा कोण?" बाईंच्या आवाजानं विचारलं. उंच मुलीनं ओठांतल्या ओठांत "आठ" म्हटलं. "बरोबर, एक छेद चार!" आवाज म्हणाला. मुलगी गोंधळली. तिनं हात अर्धा वर केला. "आलं ना लक्षात?" आवाजानं विचारलं, आणि थोडा थांबला. मुलीनं हात खाली घेतला आणि मान डोलावली. "छान!"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. ती मान त्यांच्या ओळखीची होती. तशा माना त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी समाधानानं पान उलटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्ड लावलाच नाही. रद्दी कागदांचा गठ्ठा आणला, प्रत्येकाला एक-एक पट्टी दिली आणि स्वतः पुढे उभं राहून एक पट्टी घडी घालून दाखवली. अर्धी. अर्ध्याची अर्धी. पुन्हा अर्धी. फळ्यावर खडूनं अपूर्णांक लिहिले. जिथे शब्दांशिवाय भागेना तिथे फोनवर लिहून बटण दाबलं. पण फोनमधल्या बाईला अपूर्णांक वाचता येत नव्हते. तिनं गंभीरपणे सांगितलं, "एक तिरपी रेघ चार." वर्ग हसून हसून लोळायला लागला. त्या दिवसापासून पाचवीत कुणी छेद म्हणेना. तीन तिरपी रेघ चार, पाच तिरपी रेघ आठ, असंच चालू झालं, आणि मधल्या सुट्टीत मैदानात कुणी कुणाला ढकललं तरी 'तिरपी रेघ' अशी शिवी ऐकू यायला लागली.

पण वर्ग बदलला. बाईंचं काय चाललंय ते कळायला त्यांच्याकडे बघावं लागे, म्हणून मुलं बघत. बाई बोलू शकत नाहीत म्हणून मुलंच बोलत. एकाला कळलं की तो दुसऱ्याला सांगे, आणि चुकीचं सांगितलं तर बाई लाकडी पट्टीनं टेबलावर टकटक करत. उंच मुलीच्या बाकाशी बाई रोज जाऊन बसत. आठ घड्यांची पट्टी आणि चार घड्यांची पट्टी शेजारी ठेवली, आठातली एक घडी फाडली, चारातली एक फाडली. मुलीनं दोन तुकडे हातात धरून बराच वेळ पाहिलं. "पण आठ मोठा आहे ना," ती हळूच म्हणाली. बाईंनी पुन्हा पट्ट्या काढल्या.

गोंधळ वाढला हेही खरं. शेजारच्या सरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तक्रार केली. बाईंचा आवाज चालायचा, पण चाळीस पोरांचा चालेना. त्यातच एका पालकांनी मुख्याध्यापकांना विचारलं, की मुलांना शाळेत फोन आणायला बंदी आणि बाई मात्र वर्गात फोन घेऊन उभ्या, हे कसं? मुख्याध्यापकांनी 'बघतो' म्हणून वेळ मारून नेली. नियम तर होताच.

अशा वेळी संस्थेच्या समन्वयक आल्या. शाळांमध्ये तंत्रज्ञान किती आणि कसं वापरलं जातं, हे बघायचं त्यांचं काम. वयानं लहान, बोलण्यात नम्र, पायांत आवाज न करणारे बूट. त्या पूर्ण तास मागे बसून राहिल्या. मुलांनी घड्या घातल्या, ती भांडली, फळ्याशी धावली, टकटक ऐकून परत आली. समन्वयक मधून हसल्याही. तास संपल्यावर मात्र त्या बाईंपाशी आल्या आणि अवघडून म्हणाल्या, की मला यात तंत्रज्ञान म्हणून काय धरावं तेच कळत नाहीये.

बाईंनी फोन वर करून दाखवला.

समन्वयकांचं म्हणणं असं, की तो बाईंच्या वैयक्तिक सोयीचा आहे; चष्म्यासारखा. चष्मा शैक्षणिक साधन म्हणून धरत नाहीत. बाईंनी खडू दाखवला, कागदाच्या पट्ट्या दाखवल्या. समन्वयक ओशाळल्या. कधीकाळी फळासुद्धा नवाच असेल, त्या म्हणाल्या, तेव्हा तोही कुणीतरी असाच तपासायला आलं असेल. पण आज मला फळा धरता येत नाही. बोर्ड चालला की धरायचं, नाही चालला की नाही, एवढंच माझ्या हातात आहे. आणि मग त्यांनी विचारलं, की इतके चांगले धडे तुमच्याच आवाजात असताना तुम्हाला ते का नकोत?

ते फोनवर लिहिण्यासारखं नव्हतं. बाईंनी नुसतीच मान हलवली, आणि समन्वयकांना ती मान होकाराची वाटली की नकाराची, कोण जाणे.

आठवड्याच्या आतच बाईंना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. समन्वयकही तिथे होत्या. मुख्याध्यापकांनी सांगितलं की गणिताचे सगळे तास यापुढे बोर्डावरच होतील. अहवालात शाळेचा क्रमांक पाचवीमुळे खाली आलाय. बाईंनी देखरेख करावी. नाहीतर ग्रंथालयाची जागा रिकामी आहे, तिथे तर बोलायचंच नसतं. हे त्यांनी विनोद म्हणून म्हटलं आणि लगेच त्यांनाच ते बोचलं.

बाईंनी आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी बटण दाबलं. फोनमधली बाई एका सुरात सांगू लागली, की धड्यातला आवाज मुलांचं ऐकत नाही, त्याला कळलंय का ते विचारता येतं पण उत्तर ऐकता येत नाही, न कळलेली मुलं मान डोलावतात आणि आवाज त्यांना छान म्हणतो, तरी ते धडे या वर्गातून काढावेत, आणि जमल्यास इतर शाळांतूनही.

मुख्याध्यापक खुर्चीत चुळबुळ करत होते. काढता येणार नाहीत, ते म्हणाले. आवाज तुमचा असला तरी धडे संस्थेचे आहेत. फोन पुढचं वाचतच होता. ते वैतागले. "बाई, हे जरा बंद करा ना. यंत्राशी बोलल्यासारखं वाटतं."

बाईंनी फोन बंद केला. मग त्यांनी डॉक्टरांनी नको सांगितलेली गोष्ट केली. त्या बोलल्या. हवेसारखा, खरखरीत, शब्दागणिक तुटणारा आवाज निघाला, आणि तो ऐकायला मुख्याध्यापकांना टेबलावरून पुढे वाकावं लागलं.

"मला तुम्ही बंद करू शकता, सर," त्या म्हणाल्या. "बोर्डावरच्या मला कुणी बंद करायचं?"

बाईंना खोकल्याची उबळ आली. समन्वयकांनी पाण्याचा पेला पुढे केला. खोकला थांबेपर्यंत मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मार्ग समन्वयकांनीच काढला. धडे चालतील, त्या म्हणाल्या, पण रिमोट बाईंच्या हातात राहील. कुठे थांबवायचं, किती वेळ थांबवायचं, मधल्या वेळात कागद वापरायचे की खडू, ते बाई ठरवतील. बोर्ड चालू आहे तोवर मला धरता येतं. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास सोडला. फोनचं काय, हे कुणी काढलंच नाही, आणि तो तसाच चालू राहिला.

बाईंना वाटलं, जिंकले नाही तरी हरलेही नाही.

मग पाचवीचं गणित असं होऊ लागलं: बाईंचा जुना आवाज बोर्डातून सांगे, आणि बाई मागच्या भिंतीला टेकून रिमोट हातात घेऊन उभ्या राहत. डोळ्यांत तेल घालून त्या उंच मुलीचे खांदे बघत. खांदे आखडले की बटण. आवाज शब्दाच्या मध्येच गोठे. बाई तिच्याजवळ जात, पट्ट्या काढत, दाखवत, तिच्याकडून करून घेत. मग पुन्हा बटण. एकेका तासाला असं कितीतरी वेळा होई. इतर मुलांना सवय झाली. आवाज थांबला की ती वळून मागे बघत आणि वाट बघत. कुणी हसत नव्हतं. बाईंचं त्याकडे लक्ष असायचं. हसलं असतं तर त्यांनी खपवून घेतलं नसतं.

मुलगी हळूहळू सुधारली. आधी आठ-चारचा घोळ सुटला, मग बेरजा जमायला लागल्या. वार्षिक परीक्षेत ती पास झाली, आणि नुसती काठावर नाही. वर्गाचाही निकाल चांगला लागला. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत पाचवीचं उदाहरण दिलं: जुनं कौशल्य आणि नवं तंत्रज्ञान हातात हात घालून चाललं तर काय होतं ते बघा. टाळ्या झाल्या. ज्या शाळांत धडे कुणी न थांबवता चालले, त्यांचा निकालही जवळपास तेवढाच लागला होता, हे बाईंना समन्वयकांकडून नंतर कळलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. त्यावर काय वाटून घ्यावं हे त्यांना कळेना.

निकालानंतर दोन-चार दिवसांनी उंच मुलगी आणि तिची आई चष्म्याच्या दुकानात आल्या. मुलीला लांबचं कमी दिसत होतं. फळ्यावरचं, बोर्डावरचं, सगळंच. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाई सुट्टीत दुकानात मदतीला बसायच्या. मुलगी काचेच्या पेटीतल्या चौकटी बघत उभी राहिली आणि आई बाईंचे आभार मानू लागली. ती कुठल्याशा कारखान्यात कपडे शिवायची. बोलायला लागली की थांबायची नाही. तुमच्यामुळे झालं सगळं, ती म्हणाली. ही रोज घरी तुमचे धडे लावते माझ्या फोनवर. संस्थेनं पालकांना दिलेत ना ते. तोच तोच तुकडा परत परत ऐकते, दहा वेळा, वीस वेळा, मला आता स्वयंपाक करताना अपूर्णांक सुचतात.

बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग फोनवर लिहिलं, आणि सपाट आवाजानं विचारलं, की घरी ऐकून कळायचं का?

मुलीनं मान डोलावली. बाईंना आता त्या मानेचा भरवसा नव्हता. त्यांनी वाट पाहिली.

"घरी कुणी बघत नाही ना," मुलगी म्हणाली. "नाही कळलं तरी. मी मागे नेते न् परत ऐकते."

आणि वर्गात? सपाट आवाजानं पुढे विचारलं.

मुलगी आईकडे बघून घुटमळली. आईनं बोल म्हणून खूण केली. मुलीनं एक चौकट डोळ्यांवर लावली, काढली, जागेवर ठेवली. "वर्गात तुम्ही थांबवता," ती म्हणाली, "तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. सगळ्यांना माहितीय, माझ्यासाठी थांबवलंय."

तक्रार म्हणून तिनं ते सांगितलंच नाही; पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं. आई घाईघाईनं मध्ये पडली, असं नसतं बोलायचं, बाईंनी किती केलं तुझ्यासाठी. बाईंनी हातानं तिला थांबवलं. नवरा आतून भिंगांची पेटी घेऊन आला आणि मुलीला खुर्चीत बसवून तिच्या डोळ्यांवर एकामागून एक भिंगं बदलत अक्षरं वाचायला सांगू लागला. आता स्पष्ट की मघाशी? मघाशी. आता? आता. बाई काउंटरमागे उभ्या राहून ते ऐकत होत्या. रिमोट मिळाला त्या दिवशी आपल्याला किती बरं वाटलं होतं, ते त्यांना आठवत होतं. वर्षभर त्या मुलीचे खांदे मोजत होत्या त्या, आणि खांदे नेमके कशानं आखडतात हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

त्या दोघी निघताना बाई मुलीपाशी वाकल्या आणि स्वतःच्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढ्यात, "चुकलं माझं," म्हणाल्या. मुलीला ते नीट ऐकू आलं नसावं. तिनं विचारलं, "काय?" बाईंनी पुन्हा म्हटलं. मुलगी लाजून हसली आणि म्हणाली, "नाही हो बाई, मी पास झाले ना."

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला काही लिहून दाखवलं नाही. त्यानंही विचारलं नाही. एवढं मात्र तो आता ओळखायला शिकला होता.

नव्या वर्षी बाहेरच्या प्राथमिक शाळांतून नवी पाचवी आली. नव्या मुलांनी बाईंचा खरा आवाज कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे बोर्डातला आवाज कुणा दुसऱ्याच बाईंचा आहे, असं त्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. पहिल्या तासाला त्या रिमोट घेऊन मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ त्यांनी बटण दाबलंच नाही. तिसऱ्या रांगेत एका मुलाची पेन्सिल थांबली होती. बाईंनी ते पाहिलं. अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी मनात काही आकडे मोजले, आवाजाला पुढच्या वाक्यात जाऊ दिलं, जिथे कुणाचंच काही अडलेलं नव्हतं, आणि तिथे बटण दाबलं. मुलं वळून बघू लागली, की कुणासाठी. बाई कुणाकडेच गेल्या नाहीत. सगळ्यांना पट्ट्या वाटल्या, सगळ्यांकडून घड्या करून घेतल्या, आणि बाकांमधून फिरताना तिसऱ्या रांगेत इतर कुठल्याही रांगेइतक्याच थांबल्या.

मग त्या असंच करू लागल्या. कळलेल्या जागी थांबवायचं, न कळलेल्या जागी थांबवायचं, कधी उगाचच थांबवायचं. धडा लांबायचा, अभ्यासक्रम मागे पडायचा. समन्वयक पुन्हा आल्या तेव्हा तासभर बसून त्यांनी सगळं पाहिलं, आणि शेवटी विचारलं, की मधले बरेच थांबे अनावश्यक वाटले, त्यांचं कारण काय लिहू?

बाईंनी फोन हातात घेतला. दोन शब्द लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले. वर्गात मुलं अजून होती आणि कान टवकारून बसली होती. बाईंनी फोन पालथा ठेवला, खांदे उडवले, आणि समन्वयकांना जे लिहायचं ते लिहू दिलं.